विंडोजची कस्टम डिस्क आणि दुरुस्तीची वाट

कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : "फॉरमॅट मारा आणि विंडोज नव्याने टाका." विंडोज टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो, पण त्यानंतरची कामे दिवसच्या दिवस खातात. प्रिंटरचे ड्रायव्हर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, डीटीपीच्या दुकानातले मराठी फॉन्ट आणि त्यांची लायसन्स, सरकारी पोर्टलसाठी बसवलेले डिजिटल सहीचे टोकन, हे सगळे पुन्हा उभे करावे लागते. डेस्कटॉपवर राहिलेल्या फाइली तर अनेकदा कायमच्या जातात.

यातली कितीतरी मशीन दुरुस्त होण्यासारखी असतात. बूट सेक्टर खराब झालेला असतो, एखादी सिस्टीम फाइल गहाळ असते किंवा चुकीचा ड्रायव्हर बसलेला असतो. तरीही फॉरमॅट होते, कारण हातातल्या विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवर दुरुस्तीचा पर्यायच उरलेला नसतो. ती डिस्क कोणीतरी वेळ वाचवण्यासाठी बदललेली, म्हणजे कस्टम असते आणि त्या बदलात दुरुस्तीची वाट बुजलेली असते, बहुधा बनवणाऱ्याच्याही नकळत. हा प्रश्न विंडोज एक्सपीच्या काळात ठळक झाला आणि रूप बदलत विंडोज ११ पर्यंत आला. त्याचा हा आढावा.

एक्सपीच्या सीडीवरचे दोन 'आर'

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. तिच्या मूळ सीडीवरून कॉम्प्युटर सुरू केला की निळ्या पडद्यावर तीन पर्याय येत. एंटर दाबले की इन्स्टॉलेशन, आर दाबले की रिकव्हरी कन्सोल आणि एफ३ दाबले की बाहेर. रिकव्हरी कन्सोल म्हणजे काळ्या पडद्यावरची कमांडची दुनिया. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दिला की चेकडिस्कने हार्ड डिस्क तपासता येई, फिक्सएमबीआर आणि फिक्सबूटने बूट सेक्टर नव्याने लिहिता येई, बूटसीएफजीने बूटची यादी पुन्हा बांधता येई, आणि सीडीवरची एखादी फाइल उलगडून योग्य जागी ठेवता येई.

दुसरा 'आर' थोडा आत होता. पहिल्या पडद्यावर एंटर दाबून, एफ८ ने परवाना मान्य केल्यावर सेटअप हार्ड डिस्कवर आधीची विंडोज शोधत असे. ती सापडली तर "ही विंडोज दुरुस्त करायची असल्यास आर दाबा" असा पर्याय मिळे. यालाच लोक रिपेअर इन्स्टॉल म्हणत. त्यात सिस्टीम फाइली नव्याने लिहिल्या जात, हार्डवेअरची ओळख पुन्हा होई. मात्र वापरणाऱ्याचे खाते, बसवलेली सॉफ्टवेअर आणि डेटा जागेवर राहत. मदरबोर्ड बदलल्यावर सुरू न होणाऱ्या एक्सपीलाही या दुसऱ्या 'आर'ने अनेकदा जीवदान मिळे. अनेकांनी पहिल्या 'आर'लाच दुरुस्ती समजून कमांडच्या पडद्यावरून माघार घेतली आणि दुसऱ्यापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. कस्टम डिस्कची गोष्ट बोलताना हे दोन पर्याय वेगळे धरायला हवेत, कारण ते वेगवेगळ्या कारणांनी नाहीसे होतात.

डिस्क बदलण्यामागची खरी कारणे

डिस्क बदलणारे सगळेच हौशी किंवा चोरटे नव्हते. त्यामागे कामाची कारणे होती आणि त्यातली काही दुरुस्तीच्याच बाजूची होती.

पहिले कारण सर्व्हिस पॅक. सर्व्हिस पॅक २ ऑगस्ट २००४ मध्ये आला आणि ३ आला २००८ मध्ये. जुन्या सीडीवरून विंडोज टाकायची आणि मग शेकडो एमबीचा पॅक वर चढवायचा, यापेक्षा पॅक सीडीच्या फाइलींतच मिसळून नवी सीडी बनवणे सोपे होते. मायक्रोसॉफ्टने स्वतः ती सोय दिली होती. तिला स्लिपस्ट्रीम म्हणत. दुरुस्तीसाठी तर अशी सीडी आवश्यकच होती. मूळ सीडीने रिपेअर केले की मशीन मूळ अवस्थेतल्या फाइलींवर परत जाई आणि मधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या पुसल्या जात. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म पसरला होता, तेव्हा असे उघडे मशीन इंटरनेटला जोडले की अपडेट उतरण्याआधीच त्याला लागण होण्याचा धोका होता. सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू ठेवली. म्हणून तो मिसळलेली सीडी दुरुस्तीलाही अधिक सुरक्षित ठरली.

दुसरे कारण साटा हार्ड डिस्क. नव्या कंट्रोलरचे ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर नव्हते. सेटअप सुरू होताना एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावी लागे आणि त्या काळात नव्या मशीनमधून फ्लॉपी ड्राइव्हच गायब होऊ लागले होते. ड्रायव्हर नसला की सेटअप हार्ड डिस्क नाही म्हणून सांगे किंवा ७बी क्रमांकाच्या निळ्या पडद्यावर थांबे. रिकव्हरी कन्सोलही त्याच प्राथमिक फाइलींवर चालत असल्यामुळे तोही आंधळा होई. कंट्रोलरचा ड्रायव्हर मिसळलेल्या सीडीने इन्स्टॉलेशन आणि दुरुस्ती हे दोन्ही मार्ग एकदम मोकळे झाले.

तिसरे कारण स्वयंचलन. प्रॉडक्ट की, नाव, टाइम झोन, भाषा यांची उत्तरे एका फाइलीत लिहून ठेवली की शाळेच्या लॅबमधली किंवा ऑफिसातली सगळी मशीन समोर न बसता तयार होतात. चौथे कारण काटछाट. कमी रॅमच्या मशीनवर विंडोज हलकी करण्यासाठी नको ते भाग काढून टाकायचे. एनलाइट या मोफत सॉफ्टवेअरने ही चारही कामे माउसच्या क्लिकवर आणली आणि कस्टम सीडी घरोघर पोहोचली.

पहिली दोन कारणे दुरुस्तीला बळ देणारी होती. वाट बुजली ती शेवटच्या दोन कारणांनी.

वाट बुजते कशी

स्वयंचलनाचा परिणाम आधी पाहू. एक्सपीची उत्तरांची फाइल म्हणजे विनएनटी.सिफ. ती सीडीच्या आय३८६ फोल्डरमध्ये ठेवली आणि तिच्यात इन्स्टॉलेशन पूर्ण स्वयंचलित असल्याचे लिहिले की सेटअप विचारणे सोडून देतो. स्वागताचा पडदा येत नाही, म्हणजे पहिला 'आर' गेला. परवान्याचा पडदा येत नाही आणि जुन्या विंडोजच्या दुरुस्तीचा प्रश्नही येत नाही, म्हणजे दुसरा 'आर' गेला. दुरुस्तीच्या फाइली सीडीवर जशाच्या तशा असतात. त्यांच्यापर्यंत नेणारा प्रश्न तेवढा नाहीसा झालेला असतो. एनलाइटच्या स्वयंचलनाच्या पर्यायांत दुरुस्तीविषयी विचारत राहण्याचा एक पर्याय खास याच कारणाने ठेवलेला होता. घाईत तो निवडायचा राहून जाई.

यावरचा सर्वांत साधा उपाय मायक्रोसॉफ्टच्या मूळ रचनेतच होता. सीडीवरून सुरू होणारा एक्सपीचा सेटअप विनएनटी.सिफ फ्लॉपीवरूनही वाचत असे. फ्लॉपी घातली तर सगळे आपोआप. काढून ठेवली तर तीच सीडी मूळ सीडीसारखी वागणार, दोन्ही 'आर' जागेवर. उत्तरे आणि डिस्क वेगवेगळी ठेवण्याचे हे तत्त्व पुढच्या प्रत्येक विंडोजला लागू पडते आणि या आढाव्यातला सर्वांत उपयोगी धडा तोच आहे.

काटछाटीचा परिणाम अधिक खोल असतो, कारण तिथे प्रश्न उरला तरी उत्तर देणाऱ्या फाइली उरत नाहीत. कस्टम सीडीतून एखादा भाग काढलेला असेल आणि तीच सीडी पूर्ण विंडोज असलेल्या मशीनच्या दुरुस्तीला वापरली, तर काही फाइली नव्या, काही जुन्या आणि काही गायब अशी अवस्था होते. चालू विंडोजमधून अपग्रेड करण्याच्या फाइली तर काटछाटीत हमखास जात, कारण त्यांनी बरीच जागा वाचे. सिस्टीम फाइल चेकर एखादी बिघडलेली फाइल बदलण्यासाठी मूळ सीडी मागतो, तेव्हा छाटलेल्या सीडीवर ती फाइल सापडतच नाही.

तिसरी अडचण जुळणीची. एक्सपीच्या रिटेल, ओईएम आणि व्हॉल्यूम लायसन्स अशा वेगवेगळ्या सीडी होत्या आणि एकीची की दुसरीला चालत नसे. मशीनवर सर्व्हिस पॅक ३ आणि सीडीवर २ असेल तर रिपेअरनंतर सगळे अपडेट पुन्हा करावे लागत. इंटरनेट एक्सप्लोरर ७ बसवलेल्या मशीनवर रिपेअर करण्याआधी तो काढून टाकण्याची सूचना मायक्रोसॉफ्टने दिली होती, कारण सीडीवर सहावी आवृत्ती होती आणि दोन्हींच्या फाइलींची सरमिसळ होत असे. डिस्कवर नेमके काय आहे याची नोंद नसेल, तर दुरुस्ती करणारा अंधारात चाचपडतो.

व्हिस्टापासून बदललेले घर

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा सर्वांसाठी खुली झाली आणि डिस्कची रचनाच बदलली. सुट्या फाइलींच्या ढिगाऐवजी दोन मोठ्या इमेज आल्या. बूट.विम मध्ये सेटअप चालवणारी छोटी विंडोज, म्हणजे विंडोज पीई, इन्स्टॉल.विम मध्ये प्रत्यक्ष बसणारी विंडोज. रिकव्हरी कन्सोल गेला आणि त्याच्या जागी विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट आले. तंत्रज्ञ त्याला विनआरई म्हणतात. "आता इन्स्टॉल करा" या बटणाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात "तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करा" अशी ओळ आली. तिच्यामागे स्टार्टअप रिपेअर, सिस्टीम रिस्टोर, पूर्ण इमेज परत आणण्याची सोय, मेमरीची तपासणी आणि कमांड प्रॉम्प्ट होते. बूटरेक ही नवी कमांड बूट सेक्टर आणि बूटची यादी दोन्ही सांभाळू लागली.

या बदलात एक गोष्ट हरवली. डिस्कवरून सुरू करून, सॉफ्टवेअर आणि डेटा राखत सिस्टीम फाइली नव्याने लिहिणारा एक्सपीचा दुसरा 'आर' व्हिस्टात राहिला नाही. तसे काम करायचे तर चालू विंडोजच्या आतून डिस्कवरचा सेटअप चालवून जागच्या जागी अपग्रेड करावे लागते. त्यासाठी आवृत्ती, भाषा आणि ३२ की ६४ बिट हे जुळावे लागते आणि डिस्क मशीनवरच्या विंडोजपेक्षा जुनी असून चालत नाही.

इथे कस्टम डिस्क बनवणारे एका सापळ्यात सापडतात. डिस्कवरून बूट करून विंडोज टाकताना सेटअप बूट.विम मधूनच चालतो. म्हणून सोर्सेस फोल्डरमध्ये दोन विम फाइली सोडून बाकी सगळे काढले तरी नवे इन्स्टॉलेशन बिनबोभाट होते. बनवणारा खूश होतो, डिस्क वाटली जाते. काही महिन्यांनी कोणीतरी जागच्या जागी अपग्रेड करायला जातो तेव्हा कळते की त्यासाठी लागणाऱ्या फाइली त्या फोल्डरमध्ये होत्या.

उत्तरांच्या फाइलीचे नाव आता ऑटोअनअटेंड.एक्सएमएल झाले. भाषेपासून परवान्यापर्यंत आणि पार्टिशनपर्यंत सगळी उत्तरे तिच्यात दिली की "आता इन्स्टॉल करा" हा पडदा येत नाही आणि त्या पडद्यावरची दुरुस्तीची ओळही दिसत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे तिच्यात हार्ड डिस्क पुसण्याचा आदेश लिहिता येतो. डीव्हीडीवरून बूट होण्याआधी "कोणतीही की दाबा" असे विचारणारी छोटी फाइल काही जण सोय म्हणून काढतात. हे दोन बदल एकाच डिस्कवर आले तर ती ड्राइव्हमध्ये विसरून राहिलेल्या मशीनचा सगळा डेटा एका रीस्टार्टमध्ये जाऊ शकतो. दुरुस्तीसाठी म्हणून हीच डिस्क घातली तरी तेच घडेल. दोन्ही बदल एकत्र करणे हा बेजबाबदारपणा आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

अशा डिस्कवरही एक पळवाट असते. सेटअपचा पडदा दिसताच शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तिथून बूटरेक आणि चेकडिस्क चालवता येतात; एक्स ड्राइव्हवरच्या सोर्सेस फोल्डरमधल्या रिकव्हरी उपफोल्डरात रेकएन्व्ह नावाचा प्रोग्राम असेल तर दुरुस्तीचा पूर्ण मेनूही उघडतो. अर्थात बूट.विम छाटताना तो फोल्डर ठेवला असेल तरच, आणि पार्टिशन पुसण्याआधी सेटअप कुठेतरी थांबत असेल तरच.

दुरुस्ती हार्ड डिस्कवर राहायला आली

ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ पासून विनआरई इन्स्टॉलेशनच्या वेळीच हार्ड डिस्कवर बसू लागले. इन्स्टॉल.विम च्या आत, सिस्टीम३२ च्या रिकव्हरी फोल्डरमध्ये विनआरई.विम नावाची तिसरी इमेज असते; नंतरच्या आवृत्त्यांत सेटअप ती वेगळ्या पार्टिशनमध्ये नेऊन ठेवतो. मशीन सुरू होताना सलग अडखळले की विंडोज आपोआप तिथे वळते. ब्रँडेड मशीनसोबत विंडोजची स्वतंत्र डिस्क मिळणे हळूहळू बंद झाले आणि सामान्य माणसाच्या हातात उरली ती हीच एक वाट.

म्हणून आता डिस्क बदलणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. तो जे छाटेल ते डिस्कवरून तर जाईलच, शिवाय त्या डिस्कने तयार होणाऱ्या प्रत्येक मशीनवरूनही जाईल. विनआरई.विम काही शे एमबीची असते, त्यामुळे इमेज हलकी करताना तिच्यावर नजर जाते. ती काढली की मशीन छान चालते आणि पहिला बिघाड होईपर्यंत कोणाला काही जाणवत नाही.

ड्रायव्हरची जुनी कहाणीही नव्या रूपात परतली आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर सेटअपला एसएसडी दिसत नाही. लोक हा ड्रायव्हर बूट.विम आणि इन्स्टॉल.विम मध्ये घालतात. आत दडलेली विनआरई.विम विसरली की विंडोज व्यवस्थित बसते, चालते. पण बिघडल्यावर रिकव्हरीच्या पडद्यावर हार्ड डिस्कच नसते. ड्रायव्हर तिन्ही विम फाइलींमध्ये गेला पाहिजे, आणि बूट.विम मध्ये दोन इमेज असतात हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

विंडोज ८ पासून डिस्म ही कमांड चालू विंडोजचे घटक-भांडार दुरुस्त करते. त्या भांडाराला विनएसएक्सएस म्हणतात. डिस्म गरजेच्या फाइली विंडोज अपडेटवरून आणते किंवा आपण दिलेल्या इन्स्टॉल.विम मधून घेते. मशीनला जुळणारी, न छाटलेली इन्स्टॉल.विम जवळ असेल तर इंटरनेट नसलेल्या ठिकाणीही दुरुस्ती होते. विनएसएक्सएस फोल्डर फार मोठा दिसतो म्हणून तो छाटण्याचा मोह जुना आहे. व्हिस्टासाठी व्हीलाइट निघाले तेव्हापासून त्याची किंमत लोकांनी मोजली आहे : छाटलेल्या विंडोजवर पुढचा सर्व्हिस पॅक चढत नसे. विंडोज ११ ची टायनी११ कोअर ही अतिहलकी रचना विनएसएक्सएस आणि विनआरई दोन्ही बाजूला ठेवते. तिच्या कर्त्याने ती रोजच्या वापरासाठी नाही, चाचणीसाठी आहे, असे स्वतःच स्पष्ट सांगितले आहे. ही सूचना न वाचता ती घरच्या किंवा दुकानाच्या मशीनवर टाकणारे अपडेट आणि दुरुस्ती दोन्हींना मुकतात.

अलीकडच्या तीन घटना

रिकव्हरीकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, हे गेल्या काही वर्षांनी जगाला दाखवले.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे अपडेट काढले. विनआरईमधून बिटलॉकरला, म्हणजे हार्ड डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीला, वळसा घालता येईल अशी त्रुटी त्यात बुजवलेली होती. असंख्य मशीनवर ते बसलेच नाही, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा नव्हती. ते पार्टिशन २५० एमबीने वाढवण्याच्या सूचना मायक्रोसॉफ्टला द्याव्या लागल्या, आणि हे काम कमांडने हाताने करण्यासारखे होते. रिकव्हरी पार्टिशन विंडोजच्या लगेच मागे असेल तर वाढवणे जमते, डिस्कच्या सुरुवातीला असेल तर अवघड होते. जुन्या उत्तरांच्या फाइलींतून पार्टिशनची तीच ती मापे उचलणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय अगदी साधा होता : सेफ मोडमध्ये किंवा विनआरईमध्ये जाऊन एका फोल्डरमधली एक फाइल काढायची. पण तो प्रत्येक मशीनपाशी जाऊन करायचा होता आणि बिटलॉकर असेल तिथे ४८ अंकी रिकव्हरी की हवी होती. मायक्रोसॉफ्टने घाईने विंडोज पीईवर आधारलेला यूएसबी दुरुस्ती-संच दिला. ज्यांच्याकडे चालणारी रिकव्हरी, बूट होणारा पेनड्राइव्ह आणि कीची नोंद होती, त्यांची मशीन लवकर उठली.

ऑक्टोबर २०२५ च्या नियमित अपडेटनंतर विंडोज ११ च्या विनआरईमध्ये यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. रिकव्हरीचा पडदा येई, पण त्यावर काही निवडता येत नसे. आठवड्याभरात तातडीची दुरुस्ती आली. तोवर ज्यांच्याकडे आधी बनवलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह होता त्यांना दुसरा मार्ग होता. हार्ड डिस्कवरची दुरुस्ती कितीही सोयीची असली तरी बाहेरची डिस्क कालबाह्य झालेली नाही, हे या घटनेने सिद्ध केले.

लिनक्सकडे पाहिले तर

लिनक्सच्या जगात हा प्रश्न कमी तीव्र आहे. क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स आणली आणि सीडीवरूनच पूर्ण सिस्टीम चालवण्याची कल्पना लोकप्रिय केली. उबंटूची डिस्क बसवल्याशिवायही चालते, त्यामुळे तिच्यातून हार्ड डिस्क उघडून डेटा काढता येतो आणि ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवता येतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये प्रगत पर्यायांखाली रेस्क्यू मोड आहे. रेड हॅटच्या डिस्कवर ट्रबलशूटिंगच्या मेनूत तो मिळतो. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे हे पर्याय बूटच्या पहिल्या मेनूत असतात, इन्स्टॉलेशनच्या प्रश्नांमध्ये मिसळलेले नसतात.

तरी काळजी तिथेही हवी. डेबियनच्या प्रीसीड किंवा रेड हॅटच्या किकस्टार्ट फाइलीने स्वयंचलित डिस्क बनवताना काही जण मेनू काढून टाकतात आणि ठरावीक सेकंदांनी आपोआप इन्स्टॉलेशन सुरू होऊ देतात. जाणकार व्यवस्थापक मेनू ठेवतात आणि कोणी काही निवडले नाही तर मशीन हार्ड डिस्कवरूनच सुरू होईल अशी मांडणी करतात. विंडोजची डिस्क बनवणाऱ्यांनी ही शिस्त उचलण्यासारखी आहे.

नव्या काळातले दोन बदल

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत सेटअपचे रूप बदलले. भाषा आणि कीबोर्ड निवडल्यावर आता सरळ विचारले जाते : विंडोज ११ बसवायची की पीसी दुरुस्त करायचा? बसवण्याची निवड केली तर सगळ्या फाइली आणि सॉफ्टवेअर जातील याला वेगळी खूण करून संमती द्यावी लागते. कोपऱ्यातली ओळ बरोबरीच्या पर्यायावर आली, हे स्वागतार्ह आहे. २०२५ मध्ये क्विक मशीन रिकव्हरीही आली. मशीन सुरू होत नसेल तर विनआरई इंटरनेटला जोडून घेऊन उपाय उतरवते. क्राउडस्ट्राइकसारखे संकट पुन्हा आले तर ही सोय मोठा आधार ठरेल, पण विनआरई छाटलेल्या मशीनला तिचा काही उपयोग नाही.

दुसरा बदल सिक्युअर बूटचा, म्हणजे मान्य सही असलेलेच बूट प्रोग्राम सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेचा. तिला वळसा घालणाऱ्या ब्लॅकलोटस या बूटकिटनंतर मायक्रोसॉफ्टने २०११ च्या प्रमाणपत्रावर सही केलेले बूट प्रोग्राम टप्प्याटप्प्याने बाद करण्याचे काम हाती घेतले आणि २०२३ चे नवे प्रमाणपत्र आणले. एखाद्या मशीनवर जुने प्रमाणपत्र रद्द झाले की जुन्या बूट फाइली असलेला पेनड्राइव्ह तिथे सुरू होणार नाही. कपाटात जपून ठेवलेली चांगली कस्टम डिस्कही अशा मशीनवर निरुपयोगी ठरेल. डिस्क एकदा बनवून विसरून जाण्याचे दिवस संपले आहेत.

मग डिस्क कशी असावी

एवढ्या प्रवासातून काही नियम पक्के होतात. ड्रायव्हर आणि अपडेट मिसळा, त्याने दुरुस्तीला बळच मिळते, मात्र विनआरई.विम विसरू नका. उत्तरांची फाइल डिस्कवर ठेवू नका, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, ऑटोअनअटेंड.एक्सएमएल वेगळ्या पेनड्राइव्हच्या मुळाशी असली तरी सेटअपला ती सापडते. ती डिस्कवरच ठेवायची असेल तर निदान पार्टिशनचा प्रश्न माणसाला विचारू द्या. नको असलेली अ‍ॅप काढायला हरकत नाही, पण विनएसएक्सएस, विनआरई आणि सोर्सेस फोल्डर यांतले काही काढू नका. डिस्कवर आवृत्ती, बिल्ड, भाषा, बनवल्याची तारीख आणि काय काढले याची नोंद करणारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. न बदललेली मूळ आयएसओ शेजारी जपा.

आणि चाचणी घ्या. कस्टम डिस्क बनवणारे जवळजवळ सगळे जण ती व्हर्च्युअल मशीनवर बसवून पाहतात, पण बिघडवून दुरुस्त करून पाहणारे फार थोडे. खरे तर हे फार मोठे काम नाही. विंडोज बसली की रीएजंट-सी कमांडने रिकव्हरी चालू आहे का ते पाहा. बूटची यादी मुद्दाम पुसा आणि त्याच डिस्कने ती परत येते का ते तपासा. चालू विंडोजमधून सेटअप चालवून जागच्या जागी अपग्रेड होते का ते पाहा. ड्रायव्हर घातले असतील तर त्या खऱ्या मॉडेलवर रिकव्हरी उघडून हार्ड डिस्क दिसते का याची खात्री करा.

शाळेची लॅब सांभाळणारे शिक्षक, दुरुस्तीचे दुकान चालवणारे तंत्रज्ञ, ऑफिसातले सिस्टीमवाले, आणि शेजारी-नातेवाइकांची मशीन हौसेने नीट करून देणारे विद्यार्थी, या सगळ्यांना एक विनंती आहे. नव्या डिस्कने विंडोज बसली एवढ्यावर तिला उत्तीर्ण करू नका. तिने बिघडलेली विंडोज दुरुस्त होते, हे पाहिल्यावरच ती दुसऱ्याच्या हातात द्या.